दारू सुटतानाचे दिवस

आज थोरल्या मावसभावाला भेटायला व्यसनमुक्ती केंद्रात गेलो होतो. दादाने कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा बशीत सांडत होता आणि वहिनी काही न बोलता पदराने त्याचे मनगट पुसत होत्या.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत भास होणे, झटके येणे, प्रसंगी जिवावर बेतणे हेही घडू शकते. म्हणून 'मनावर घे आणि सोड' हा सल्ला पुरत नाही, हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावा लागतो. अवचट दांपत्याने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्याला आता जवळपास चार दशके होत आली, तरीही व्यसन हा आजार आहे हे आपल्या घराघरांत पोहोचलेले नाही आणि लग्नकार्यात जमलेली मंडळी नवऱ्याच्या दारूचा दोष आजही बायकोच्या माथी मारतात, याचा मला मनस्वी संताप येतो.

वहिनींनी दागिने मोडले, मुलाच्या फीसाठी पहाटे उठून डबे करायला घेतले. समुपदेशकांनी आता त्यांनाही पत्नींच्या गटात दर आठवड्याला बोलावले आहे. त्या दिवशीचे डबे आमच्या घरून जातील, असे ठरवून आलो आहे.