बरसीम, दुसरं वर्ष : दिवस 28

आज बरसीमच्या, म्हणजे हिवाळी हिरव्या चाऱ्याच्या, वाफ्याच्या कडेचं एक रोप मातीसकट काढलं आणि मुळं बादलीत हलक्या हाताने धुतली. बारीक गाठी लगडल्या होत्या. एक नखाने फोडली, आत गुलाबी! म्हणजे गाठ कामाला लागली, हवेतलं नत्र रोपाला मिळतंय. गेल्या वर्षी याच दिवसांत एकही गाठ नव्हती, रोपं बोटभर होऊन पिवळी पडली होती.

तेव्हा दुकानातून रायझोबियम, म्हणजे या गाठी करणारा जीवाणू, म्हणून आणलेलं पाकीट हरभऱ्याचं होतं. बरसीमचा जीवाणू वेगळा. आमच्या मोहोळकडच्या या रानात ज्वारी, तूर, हरभरा झाला, बरसीम त्याआधी कधीच नाही. मग तो मातीत आयता कुठून असणार? नव्या रानात बरसीम करणार असाल तर पाकिटावर पिकाचं नाव वाचूनच घ्या, ही माझी कळकळीची विनंती.

यंदा 4 गुंठ्यांना वरदान वाणाचं 1.2 किलो बी. लिटरला 100 ग्रॅम मीठ टाकून त्यात ढवळलं, तेव्हा कासनी या तणाचं हलकं बी वर आलं, ते काढून टाकलं. मग बी साध्या पाण्याने दोनदा धुतलं, कारण मीठ राहिलं तर जीवाणू मरतात. गार केलेल्या गुळाच्या पाण्यातून बरसीमच्याच जीवाणूचं संवर्धक चोळलं, सावलीत सुकवलं. ऑक्टोबरचं ऊन उतरू दिलं आणि 8 नोव्हेंबरला, वारा पडल्यावर फेकलं. सोबत 60 ग्रॅम मोहरी. बरसीम सुरुवातीला रांगतं, मोहरी तोवर गुडघ्याला येते आणि पहिल्या कापणीचा भारा भरतो.

सिंगल सुपर फॉस्फेट 20 किलो पेरणीआधीच मातीत मिसळलं. आपली चुनखडीची काळी जमीन स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते, रोपाला सहज देत नाही, त्यामुळे यात हात आखडला नाही.

पहिली कापणी पन्नासाव्या दिवशी, विळ्यानेच, चार बोटं बुडखा ठेवून. शेळ्या दुसऱ्या फुटव्यावर, म्हणजे सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाल्यावर सोडेन. तेही आधी कडबा खाऊ घालून, दव उडाल्यावर, पहिल्या दिवशी दहाच मिनिटं. शेजारच्या मळ्यात उपाशीपोटी कोवळ्या घासात शिरलेली शेळी मी पाहिलीय, डावी कूस इतकी फुगलेली की टिचकी मारली तर वाजत होती.

आजची उंची वीतभर. उद्या पाण्याची पाळी.