आजी, आपली होडी कुठली?

गेल्या मे महिन्यात ओटीवर आंब्याच्या पेट्या भरायचं काम चाललं होतं, तेव्हा नातीचा व्हिडिओ कॉल आला. आमचे सकाळचे दहा म्हणजे तिचे दुपारचे साडेचार. ती आठ वर्षांची आहे, न्यूझीलंडमध्ये डुनेडिनला राहते. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मला फोन करते. त्या दिवशी तिने नेहमीसारखं "आजी, काय खाल्लंस?" विचारलंच नाही. थेट म्हणाली, "आजी, आपली होडी कुठली?"

मला आधी कळेचना. मग लेकीने समजावून सांगितलं. तिथल्या माओरी लोकांत आपली ओळख सांगायची एक रीत आहे, तिला पेपेहा म्हणतात. त्यात नाव अगदी शेवटी येतं. आधी आपला डोंगर सांगायचा, मग नदी, मग आपले पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी. शाळेत सगळ्या मुलांना आपापला पेपेहा करून आणायला सांगितला होता.

आईकडचं उत्तर मी तिथल्या तिथे दिलं. नदी वाघोटन. डोंगर म्हणजे आमचा कातळसडा. आणि होडी तर तुझ्या पणजोबांनी स्वतःच्या हातांनी केलेली! माझे बाबा विजयदुर्गच्या खाडीवर मचवे बांधायचे. उन्हाळ्यात खाडीकाठी माडाच्या झावळांचा मांडव पडायचा आणि त्याखाली नावेचा कणा आडवा यायचा. ऐन, किंजळ, साग अशी लाकडं तासली जायची, फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वर राळ भरली जायची. मी शाळेतून यायची ती घरी न जाता आधी मांडवात. लाकडाचा ओला वास आणि लाकूड तासायच्या वाकसाचा ठक ठक आवाज. आजही कुठे सुतारकाम चालू असलं की माझे पाय तिथे थबकतात.

"आणि बाबांकडची होडी?" नातीने विचारलं. जावई मागे चहा करत होते. म्हणाले, "स्कॉटलंडहून आले, एवढंच माहीत आहे." त्यांच्या घरात यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं. मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. विद्यार्थ्याला "एवढंच माहीत आहे" असं सांगून घरी पाठवणं मला कधी जमलं नाही. मी म्हटलं, मी शोधते.

नातीचं आडनाव मॅकिन्टायर. सुरुवात तिथूनच केली, आणि पहिल्याच दिवशी जे सापडलं त्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. 'मॅक' म्हणजे मुलगा हे पुष्कळांना माहीत असतं. पुढचा शब्द स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गेलिक भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ सुतार. लिहिताना त्यात 'स' आहे, पण बोलताना आधीचा 'त' त्याला गिळून टाकतो, म्हणून आडनावात आपल्याला 'ट' ऐकू येतो. मॅकिन्टायर म्हणजे सुताराचा मुलगा. मुलगी असेल तर गेलिकमध्ये 'मॅक' लावत नाहीत, 'निक' लावतात. म्हणजे माझी नात खरं तर सुताराची मुलगी.

आणि आम्ही मेस्त्री! माहेरही मेस्त्री, सासरही मेस्त्री. हा शब्दसुद्धा आमचा मूळचा नव्हे, पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आलेला. आपापल्या कामातल्या उस्तादाला ते लोक मेस्त्र म्हणत. माझी लेक सुताराच्या घरातून निघाली, अर्धी पृथ्वी ओलांडून गेली आणि सुताराच्याच घरात पडली, हे आम्हाला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं.

या आडनावाची एक दंतकथा आहे. समुद्रात होडीला भोक पडलं, पाणी आत यायला लागलं. होडीतल्या माणसाने भोकात अंगठा घातला, पण हात अडकून राहिला तर होडी हाकणार कोण? मग त्याने वाकसाने स्वतःचा अंगठा तोडला, तो तसाच भोकात राहू दिला आणि सगळ्यांना काठाला आणलं. तेव्हापासून तो सुतार आणि त्याचे वंशज सुताराची मुलं. कथा खरी की खोटी हा प्रश्न मला पडला नाही. माझ्या बाबांच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. ऐनाचं लाकूड तासताना वाकस निसटला होता, त्याची खूण. लहानपणी त्यांचं बोट धरून चालताना ती चीर माझ्या तळव्याला लागायची. नातीला मी दोन्ही अंगठ्यांची गोष्ट एकदमच सांगितली.

पण आडनावाचा अर्थ कळला म्हणून घराणं सापडत नाही. आडनाव आणि रक्त एकच असतं असंही नाही. तिकडे जमीनदाराच्या आश्रयाला राहणारी माणसं त्याचं आडनाव लावत. मॅकग्रेगर या आडनावावर तर १६०३ साली राजाज्ञेने बंदीच आली. ते नाव लावणं हाच गुन्हा ठरला. मधे काही वर्षं सूट मिळाली, मग पुन्हा बंदी, आणि ती कायमची उठायला १७७४ साल उजाडलं. तोवर कुणी कॅम्पबेल झाले, कुणी मरे, कुणी ड्रमंड. असल्या घरात नुसत्या आडनावाच्या मागे लागलं तर माणूस भलत्याच उंबऱ्यावर जाऊन उभा राहील.

म्हणून कागद. लेकीने डुनेडिनहून पहिला कागद पाठवला, जावयांच्या खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद. न्यूझीलंडमध्ये १८७६ पासून मृत्यूच्या नोंदीत माणसाचा जन्म कुठला, या देशात येऊन किती वर्षं झाली, लग्न कुठे झालं, मुलं किती, आईवडील कोण, हे सगळं लिहीत. मी तो कागद मोबाइलवर मोठा करून अक्षर न् अक्षर वहीत उतरवला. धंदा: जहाजाचा सुतार! जन्म: आर्गाइल, स्कॉटलंड. देशात एकतीस वर्षं. मृत्यूच्या सालातून ती वजा केली, म्हणजे तिथे सोनं सापडल्यावर, १८६१ नंतर जी झुंबड उडाली, तिच्यातलेच हे. वडील मेंढपाळ.

स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८५५ च्या १ जानेवारीपासून सुरू झाली. त्याआधीचं सगळं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांमध्ये. आता हे सगळं स्कॉटलंड सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतं, पानामागे थोडे पैसे भरावे लागतात. मी पावसाळाभर तेच केलं. बाहेर पागोळ्या गळत असायच्या आणि मी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्याचं अक्षर लावत बसलेली. आडनावसुद्धा एकसारखं नाही. कुठे 'मॅक' पुरं, कुठे नुसतं 'म' आणि वर एक टिंबासारखी खूण. कुठे तर त्याचं इंग्रजी भाषांतर करून 'राइट' लिहिलेलं, म्हणजे पुन्हा कारागीरच.

तीन महिने मी चुकीच्या मुलामागे गेले. शेजारशेजारच्या दोन पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दींमध्ये, एकाच नावाची दोन मुलं, दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेली, दोघांच्या वडिलांचं नावही एकच. त्याला कारण आहे. तिकडे नावं ठेवायची रीत ठरलेली असे. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे मला हे परकं वाटलं नाही. पण याचमुळे एकेका खोऱ्यात सारख्या नावाची दहा-दहा माणसं. मी वयाचा हिशेब घातला, तो जुळला, आणि त्या मुलाचं सगळं कूळ पणजोबांपर्यंत काढून लेकीला पाठवलंही.

मग एके रात्री शंका आली म्हणून मृत्यूची नोंद पुन्हा उघडली. आईचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं, माहेरच्या आडनावासकट: मॅकनिकोल. मी माझी वही पाहिली. वहीत वडिलांचं नाव होतं, धंदा होता, गाव होतं. आईचं नाव मी उतरवूनच घेतलं नव्हतं. अक्षर न् अक्षर उतरवलं असं मी स्वतःला सांगत होते, आणि आई गाळली होती. हजेरीपटावर चौतीस वर्षं मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहिणाऱ्या हाताला तीच सवय लागली होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅकनिकोल हे आडनाव हातात धरून बसले आणि तासाभरात खरा मुलगा सापडला. स्कॉटलंडमधली बाई लग्नानंतरही कागदावर माहेरचं आडनाव सोडत नसे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत, मृत्यूच्या नोंदीत, थडग्याच्या दगडावरही ते असतं. १८५५ नंतरच्या मृत्यूच्या नोंदीत तर मेलेल्या बाईच्या आईचंही माहेरचं आडनाव मिळतं. मॅकनिकोलबाई म्हातारपणी लेकीकडे ग्लासगोला जाऊन राहिल्या आणि तिथेच वारल्या. त्यांच्या नोंदीतून त्यांची आई मिळाली. म्हणजे अठराव्या शतकात जन्मलेली एक बाई, माहेरच्या आडनावासकट. मॅकिन्टायरांच्या बाजूची वाट पॅरिशच्या फाटक्या वहीत संपली होती, आणि ही बाई मला आणखी एक पिढी मागे घेऊन गेली.

कूळ निघालं ते ग्लेनऑर्की खोऱ्यातलं. तिथून जवळच ग्लेन नो, मॅकिन्टायरांची जुनी जागा. जमिनीचा त्यांचा खंड म्हणे वर्षाला एक पांढरं वासरू आणि भर उन्हाळ्यात बर्फाचा एक गोळा. वर बेन क्रुआखन डोंगराच्या घळीत उन्हाळ्यातही बर्फ सापडायचा, तो आणून द्यायचा. पुढे त्याचा पैसा झाला, पैसा वाढत गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना ती जमीन सोडावी लागली. मला आमच्या आजोबांची आठवण झाली. पिकातला वाटा खोताच्या अंगणात नेऊन टाकताना ते म्हणत, पहिल्यांदा मूठभरच मागतात. आमच्याकडची खोती १९४९ च्या कायद्याने गेली. तिकडे माणसं गेली आणि मेंढ्या आल्या, मग १८४६ ला बटाट्यावर रोग पडला आणि राहिलेलीही निघाली. जावयांचे खापरपणजोबा मेंढपाळाचा मुलगा. ग्लासगोला क्लाइड नदीवरच्या जहाजांच्या कारखान्यात गेले, तिथे वाकस हातात घेतला. कागदांवर दिसणाऱ्या पिढ्यांत सुतारकाम करणारे हे पहिलेच. आडनाव इतकी वर्षं वाट बघत होतं असं मला वाटलं.

मागे ग्लासगोत राहिलेल्या त्यांच्या बहिणीची १८९१ च्या जनगणनेतली ओळ मी पुन्हा पुन्हा बघते. त्या वर्षीच्या तक्त्यात भाषेचा रकाना आहे. तिच्यापुढे लिहिलंय, गेलिक आणि इंग्रजी. तिच्या मुलांपुढे तो रकाना रिकामा. माझी नात माझ्याशी मराठी बोलते, पण मालवणी तिला येत नाही. आता रोज एक शब्द सांगते तिला. काल 'चेडू' सांगितला, म्हणजे मुलगी.

जहाजही सापडलं. प्रवाशांच्या यादीत नाव, वय, धंदा, तिन्ही जुळले. शिडाचं जहाज, तीन महिन्यांच्या आसपासचा प्रवास. नातीने ते वहीत काढलं आणि शेजारी पणजोबांचा मचवा. दोन्हींची शिडं तिने लाल रंगवली.

मग म्हणाली, "आता तुझ्या आईची आई, तिची आई."

आईची आई मला माहीत आहे. तिच्या आईपाशी मी अडकले. आमच्याकडे बाईचं नुसतं आडनाव बदलत नसे, लग्नात नावही बदलायचे. तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. सातबाऱ्यावर, फेरफारात आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, सगळे आहेत. ती नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचं नाव लावायचा नियम आता महाराष्ट्रात आला. मला तो फार उशिरा आला असं वाटतं, पण आला याचा आनंदही तितकाच आहे.

गेल्या आठवड्यात मावशीकडे गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, पडवीत सुपारी कातरत बसली होती. विचारलं, तुझ्या आजीचं नाव काय?

"जीजी."

"ते हाक मारायचं झालं. नाव?"

मावशी कितीतरी वेळ अडकित्ता हातात धरून बसली. मग म्हणाली, "बाय, तिका सगळी जीजीच म्हणत. तिचा नाव कोण घेय होता?" आणि थोड्या वेळाने, "म्हायार आचऱ्याक होता तिचा. घराक मोठो फणस होतो, ता ती सांगी."

नातीने तिच्या वंशावळीच्या चित्रात त्या चौकोनात पेन्सिलीने 'जीजी' लिहिलंय, पक्कं नाव मिळालं की शाईने लिहिणार म्हणते. मी मंगळवारच्या एसटीने आचऱ्याला जातेय.