कॅपॅसिटर मीटरपाशी की मोटरपाशी?

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगर या औद्योगिक वसाहतींत पॉवर फॅक्टरचा (खेचलेल्या एकूण विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या वाट्याचा) विषय बहुधा वीजबिल हातात पडल्यावरच निघतो आणि म्हणून तो सुधारणारे कॅपॅसिटरही मीटरशेजारच्या मुख्य पॅनलमध्येच बसवले जातात. उच्चदाब ग्राहकांची आकारणी २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे फक्त कामी आलेल्या नव्हे तर खेचलेल्या एकूण विजेवर, होत असल्याने बिलापुरता हा निर्णय चुकीचा नाही. मात्र कॅपॅसिटर जिथे जोडला, तिथून पुरवठ्याच्या बाजूलाच करंट उतरतो. पॅनलपासून मोटरपर्यंतच्या केबलला त्याचा काहीही फायदा होत नाही.

समजा, शेडच्या मागच्या टोकाला ४१५ व्होल्टवर १०० किलोवॅटचा भार ०.७५ पॉवर फॅक्टरने चालतो. केबलमधून साधारण १८५ अँपिअर वाहतात. त्याच टोकाला ६८ केव्हीएआर क्षमतेचे कॅपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर ०.९८ केला, तर करंट १४२ अँपिअरवर येतो आणि केबल तापण्यात वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी, घटते. तेच कॅपॅसिटर मुख्य पॅनलमध्ये बसवले, तर ही बचत हातची जाते.

म्हणून फाउंड्रीतला कॉम्प्रेसर किंवा धूळ ओढणारा ब्लोअर, म्हणजे लांब केबलवर तासन्‌तास चालणाऱ्या मोठ्या मोटरी, यांना जागेवरच कॅपॅसिटर द्यावा, असे माझे मत आहे. तो मोटरच्या बिनभारी करंटच्या ९० टक्क्यांच्या आत बसेल एवढाच असावा, नाहीतर पुरवठा तुटल्यावर मोटर स्वतःच व्होल्टेज निर्माण करू लागते. तो ओव्हरलोड रिलेच्या (जादा करंट आल्यास मोटर बंद करणाऱ्या उपकरणाच्या) पुढे, मोटरच्या बाजूला जोडल्यास रिलेची सेटिंगही उतरवावी लागते. वायरमन नेमके हेच विसरतात. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आउटपुटला मात्र कॅपॅसिटर कधीही जोडू नये. अधूनमधून चालणाऱ्या लेथ, ग्राइंडर, क्रेन यांच्यासाठी मुख्य पॅनलवरचा एपीएफसी, म्हणजे गरजेनुसार कॅपॅसिटर आपोआप जोडणारा-तोडणारा संच, पुरेसा आहे.

इंडक्शन भट्टीचे प्रकरण वेगळे आहे. भट्टीशेजारी कॅपॅसिटरची भलीमोठी रांग दिसते खरी, पण ती कॉइलच्या उच्च वारंवारतेसाठी असते, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यासाठी नव्हे. भट्टीच्या रेक्टिफायरमुळे (एसीचे डीसी करणाऱ्या भागामुळे) पाचव्या आणि सातव्या क्रमांकाचे हार्मोनिक्स, म्हणजे ५० हर्ट्झच्या पाचपट आणि सातपट वारंवारतेचे करंट, येतात. तिथे नुसते कॅपॅसिटर लावल्यास ट्रान्सफॉर्मरशी रेझोनन्स होऊन (दोघांची वारंवारता जुळून) हे हार्मोनिक्स आणखी वाढतात. त्यामुळे आधी हार्मोनिक्स मोजून घ्यावेत आणि पाचव्यापासून पुढचेच त्रासदायक निघाले, तर ७ टक्के रिॲक्टरसह (कॅपॅसिटरच्या जोडीला लावायच्या कॉइलसह) कॅपॅसिटरची बँक बसवावी.