क्योतोचं आकाश वाचलं, घरांचं काय?

क्योतोच्या जुन्या गल्ल्यांत फिरताना माझी नजर आता घरांच्या दर्शनी जाळीवर कमी आणि कुशीवर जास्त जाते. माचिया, म्हणजे इथली जुनी लाकडी घरं, एकमेकांना इतकी खेटून बांधलेली की बाजूची भिंत कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. मधलं एखादं पाडलं की शेजारच्याची मातीची भिंत उघडी पडते. पावसात तिचा चिखल होऊ नये म्हणून तिच्यावर पन्हळी पत्रा ठोकतात. पाडलेल्या घराच्या जागी बहुतेकदा चार गाड्यांचं पार्किंग येतं.

मी ओसाकात नोकरी करते, क्योतो ट्रेनने अर्ध्या तासावर. येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, ही घरं हजार वर्षांची असणार. तसं नाही. १८६४ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला, त्यामुळे मध्यवस्तीतली बहुतेक घरं त्यानंतरची. पुढे महायुद्धात इतर शहरं बेचिराख झाली, क्योतो जवळजवळ सुटलं. घरं गेली ती त्यानंतर, शांततेच्या काळात आणि अगदी कायदेशीरपणे.

माचियाचे खांब दगडांवर नुसते टेकवलेले असतात. भिंत म्हणजे बांबूचा कूड आणि त्यावर माती. १९५० च्या इमारत कायद्यात हे बसत नाही. उभं आहे ते घर राहू शकतं, पण मोठं काम काढलं की नवे निकष मागे लागतात. या कायद्याला मी शिव्या घालणार नाही. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात जुन्या लाकडी घरांखाली सापडून किती माणसं गेली ते इथे कुणी विसरलेलं नाही. पण त्यात वारसाने मिळालेल्या मालमत्तेवरच्या कराची भर पडते. म्हातारी आई गेली, जमिनीचा भाव चढलेला, दोन मुलं तोक्योत. अरुंद, लांबोळक्या घराची वाटणी करणार कशी? विकून मोकळे होतात.

महापालिकेच्या पाहणीत २०१६ मध्ये सुमारे ४०,००० माचिया उरली होती. आधीच्या सात वर्षांत ५,६०० च्या वर गेली, म्हणजे रोज दोन.

गंमत अशी की याच काळात शहराने आपलं आकाश मात्र निगुतीने राखलं. २००७ मध्ये मध्यवस्तीतल्या मोठ्या रस्त्यांवरची उंचीची मर्यादा ४५ मीटरवरून ३१ वर आणली, आतल्या गल्ल्यांत १५ वर. गच्चीवरच्या जाहिराती बंद केल्या. डोंगर पुन्हा दिसू लागले, त्याबद्दल शंभर गुण. पण पाच मजली अपार्टमेंट १५ मीटरमध्ये आरामात बसतं. तपकिरी रंग, पुढे नावापुरती जाळी, की झालं क्योतो! घरांसाठी वेगळे नियम उशिरा आले. २०१२ मध्ये जुन्या लाकडी इमारतींना कायद्यातून सूट मिळवण्याची वाट काढली. २०१७ च्या नियमानुसार महापालिकेने जतनासाठी निवडलेलं माचिया पाडायचं तर वर्षभर आधी कळवावं लागतं. त्या वर्षात राखणारं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक.

नागानोतल्या त्सुमागो गावाने १९७१ मध्येच ठरवलं होतं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. आजही तिथला जुना रस्ता बघण्यासारखा आहे. लोक विचारतात, क्योतोने हेच का केलं नाही? अहो, त्सुमागोतून माणसं निघून चालली होती, जागेला भाव नव्हता. क्योतोच्या मध्यवस्तीत विटेएवढ्या जमिनीलाही गिऱ्हाईक आहे.

माचियांची हॉटेलं झाली म्हणून नाकं मुरडणारे माझे मित्र आहेत. रात्री दगडी फरशीवर सुटकेसची चाकं खडखडतात, शेजाऱ्यांची ही तक्रार खरीच आहे. तरी मी हॉटेलवाल्यांच्या बाजूची. पाहुण्याच्या अंथरुणावर पाणी ठिबकलं तर दुसऱ्या दिवशी कौलं बदलायला माणूस येतो. बंद घरात ते कळेपर्यंत तुळई कुजलेली असते, आणि तुळईचा खर्च ऐकला की वारस थेट बिल्डरला फोन लावतात.