अकरा सायटेशन आणि तेवीस अंश

बढतीच्या अर्जात चौथ्या पानावर एक तक्ता आहे. एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले माझ्या निबंधांचे संदर्भ), एच-इंडेक्स. काल रात्री तो भरायला बसले. ३८, १,१२० आणि १४. पाच मिनिटांत झालं. पण गूगल स्कॉलरवरची माझ्या निबंधांची यादी समोर उघडीच होती आणि तिच्यापुढून उठवेना.

सगळ्यात वर, ४१२ सायटेशनचा, आमचा पद्धतीवरचा निबंध. प्रौढ उंदराच्या मेंदूच्या स्लाइस जास्त तास जिवंत राहाव्यात म्हणून कापतानाचं द्रावण कसं बनवायचं, एवढंच त्यात आहे. तो इतक्या जणांच्या उपयोगी पडला याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या क्षेत्रात रीत सांगणारे निबंध नेहमीच पुढे असतात. प्रथिनं मोजायची रीत देणाऱ्या लाउरी यांच्या १९५१च्या निबंधाची सायटेशन तीन लाखांच्या वर गेली आहेत.

मला शोधायचा होता तो निबंध बराच खाली होता. ११ सायटेशन.

एच-इंडेक्स १४ म्हणजे माझ्या १४ निबंधांना प्रत्येकी निदान १४ सायटेशन आहेत. हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवलं. त्या हिशेबात ११वाला निबंध बसतच नाही. तो यादीतून काढून टाकला तरी १४चे १४च राहतात. माझी तीन वर्षं त्यात गेली आहेत.

तीन वर्षं म्हणजे काय, तेही सांगते. काचेची पिपेट, टोक जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरचं. नळीतून तोंडाने हलका दाब देत ती स्लाइसमधल्या मेंदूच्या पेशीजवळ न्यायची. दाबाने पेशीच्या पटलावर बारीकशी खळी पडलेली दिसली की दाब सोडायचा आणि अगदी अलगद ओढ द्यायची. पडद्यावरचा विद्युतरोध चढत चढत गिगाओहमच्या वर गेला की सील बसलं, म्हणजे पिपेट पेशीला घट्ट चिकटली. मग आणखी एक ओढ, पटल फुटतं आणि पेशीचं आतलं व्होल्टेज दिसू लागतं. दहा पेशींतल्या तीन-चार शेवटपर्यंत टिकल्या तर तो दिवस चांगला. अशा ६२ पेशींवर मी दाखवलं होतं की स्पाइकचा, म्हणजे पेशीच्या विद्युत ठोक्यांचा, सलग मारा झाल्यावर ही पेशी सरासरी ४.२ सेकंद गप्प होते. एवढी विश्रांती मेंदूच्या त्या भागातल्या मंद लयीला आकार द्यायला पुरेशी आहे, असा माझा निष्कर्ष होता.

मग मी ते अकराही निबंध एकेक करून उघडले. सात जणांनी प्रस्तावनेत, इतर चार-पाच नावांच्या रांगेत माझं नाव घातलंय. दोघांनी माझे आकडे संगणकीय मॉडेलमध्ये घेतलेत. एकाने मी म्हटलंय त्याच्या बरोबर उलट माझ्या नावावर लिहिलंय. ते वाचून वाईट वाटलं, पण मोजणीत तेही एकच.

अकरावा निबंध कुण्या पीएचडीच्या विद्यार्थिनीचा. तिने माझा प्रयोग जसाच्या तसा पुन्हा केला, फक्त तापमान बदललं. मी २३ अंशांवर काम केलं होतं, कारण त्या तापमानाला स्लाइस जास्त टिकतात. तिने ३३ अंशांवर केलं, आणि ४.२ सेकंदांचे १.६ सेकंद झाले. परिणाम खरा आहे, पण माझ्या निष्कर्षाला लागतो तेवढा लांब नाही.

हे मला सुचायला हवं होतं. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या महाअक्षतंतूची, म्हणजे जाड चेतातंतूची, समीकरणं मांडली ती ६.३ अंश सेल्सिअससाठी, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की चॅनेलचा, म्हणजे पटलातल्या आयनांच्या वाटांचा, उघडण्या-मिटण्याचा वेग तिप्पट धरायचा, हेही तिथेच लिहून ठेवलं. ते समीकरण मी दरवर्षी शिकवते. उंदराचा मेंदू ३७ अंशांच्या आसपास असतो हे ठाऊक असूनही मी सेकंदांवर इमारत रचली. माझ्या निबंधात तापमान पद्धतीच्या भागात एका ओळीत दिलं होतं, त्याच ओळीवर तिने बोट ठेवलं. ती ओळ लिहिली होती याचं आज बरं वाटतंय.

माझ्या कामाला मिळालेलं सगळ्यात मोलाचं सायटेशन हेच, असं मी म्हणेन. प्रस्तावनेतल्या सातही जणांनी माझा निबंध शेवटपर्यंत वाचला असेल की नाही, सांगता येत नाही. हिने पद्धतीच्या भागापर्यंत वाचला, माझ्यासारखीच पिपेट हातात घेऊन बसली, आणि माझं काम जिथे तोकडं पडलं तिथून पुढे गेली. याला माझ्या अर्जात रकाना नाही. म्हणून तक्त्याखाली अर्धं पान जोडलंय. माझा दावा काय होता, तो कुठे ढिला पडला, कुणी दाखवलं, सगळं तिच्या निबंधाच्या संदर्भासह. निवड समितीला ते कसं वाटेल ते वाटो.

तिला आज सकाळी मेल केली. तिची मूळ रेकॉर्डिंग बघायला मिळतील का विचारलं, आणि माझी सगळीच्या सगळी ६२ सोबत पाठवली. आमच्या रिगवरचा, म्हणजे प्रयोगाच्या मांडणीवरचा, हीटर दोन वर्षं बंद पडून आहे, तो दुरुस्तीला दिलाय.