तुम्ही विचारलंत म्हणून: पाठ टेकल्यावर

क्लास संपतो, घामाने जड झालेला गी (सरावाचा जाड पोशाख) मी पिशवीत कोंबत असते आणि कुणीतरी नवखं माणूस जवळ येऊन विचारतं, "ताई, तुमचा गेम कसा बसवलात? आम्ही आधी कुठले डाव शिकू?" वर्षभरात हे इतक्यांदा झालंय की म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. उत्तर कोणाचं आहे तेवढं आधी सांगते. वय 41, वजन 58 किलो, ब्राझिलियन जिउ-जित्सु सुरू केलं छत्तिसाव्या वर्षी, कमरेला ब्लू बेल्ट, म्हणजे व्हाइटच्या वरची पहिलीच पायरी. ब्लॅक बेल्टवाल्यांना विचाराल तर ते कदाचित वेगळं सांगतील.

डाव निवडून गेम बसवायचा प्रयत्न मीही केला होता. पहिल्या दीड वर्षात दोनशे पानी वही भरली. क्लासमध्ये दाखवलेलं, रात्री मोबाईलवर पाहिलेलं, सगळं तिच्यात. क्लोज्ड गार्डमधून (गार्ड म्हणजे खाली राहून समोरच्याला पायांनी अडवून धरायची जागा) आर्मबार, ट्रँगल, ओमोप्लाटा, सिझर स्वीप. दे ला रीवा गार्डची तर आठ पानं होती, आणि तो गार्ड मी एकदाही कुणावर लावलेला नव्हता! एवढ्या तयारीने पहिल्या स्पर्धेला गेले. समोरच्या मुलीने माझी कॉलर धरली आणि वहीची सगळी पानं डोक्यात एकदम फडफडली. तिला टेकडाउनचे (मला उभ्याने खाली पाडल्याचे) 2 गुण, गार्ड ओलांडल्याचे 3, माउंटचे (माझ्या अंगावर चढून बसल्याचे) 4. नऊ–शून्य. पाच मिनिटं संपेपर्यंत टॅप केलं नाही, म्हणजे हात थोपटून हार मानली नाही, एवढीच काय ती मर्दुमकी.

त्या लढतीचा व्हिडिओ मामाने पाहिला. मामा तरुणपणी कोल्हापूरच्या एका तालमीत होता, अजूनही जत्रेतल्या कुस्त्या चुकवत नाही. विसाव्या सेकंदाला त्याने फोन परत दिला. "अगं, पाठ टेकली की खेळ खल्लास. म्होरं काय बघायचं त्यात?"

त्याचंही खरंच. मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल, ढोलकं वाजलं, फेटा उडाला. आमच्याकडे मात्र पाठ टेकल्यावर निम्मा खेळ सुरू होतो. मित्सुयो माएदा हा जपानी जुदोका 1914 मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून जे तिथे रुजलं ते ग्रेसी कुटुंबाने वाढवलं, ते मुख्यतः जमिनीवरच्या अंगाने. अंगाने किरकोळ माणूस धिप्पाड माणसाच्या खाली सापडणारच, मग तिथून काय करायचं, हा त्यांचा प्रश्न. मामाला यातलं काही पटलं नाही. "दुसऱ्याला आस्मान दाखवायचं सोडून तू स्वतःच बघत बसतीस," म्हणाला. पण जाता जाता त्याने विचारलं, "ते जाऊ दे. तुझा डाव कुठला?"

मला उत्तर देता आलं नाही. तालमीत हा प्रश्न साधा असतो. अमक्याचा पट, तमक्याची एकलंगी, पैलवान नावाआधी डावाने ओळखला जातो. खाशाबा जाधवांची ढाक प्रसिद्ध होती. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते 57 किलो गटात खेळले आणि कांस्यपदक घेऊन आले. म्हणजे वजनाने माझ्याहून किलोभर कमीच. माझ्याकडे वहीत शंभरेक डाव आणि नाव सांगावं असा एकही नाही.

मग मी एक महिना वही उलटी वापरली. डाव लिहायचे बंद. रोज घरी आल्यावर प्रत्येक रोलबद्दल (सरावाच्या लढतीबद्दल) एकच ओळ: जास्तीत जास्त वेळ मी कुठे होते? लिहायला लाज वाटायची, कारण उत्तर तेच तेच यायचं. पाचातल्या तीन वेळा मी हाफ गार्डमध्ये, खाली. म्हणजे वरच्या माणसाचा एक पाय माझ्या दोन पायांत अडकलेला, दुसरा सुटलेला. गार्ड ओलांडून जाताना त्याचं शेपूट तेवढं माझ्या हातात राहिलंय, अशी ती जागा. तिथून मी फक्त चिकटून राहायचे आणि घंटेची वाट बघायचे.

नव्यांना मी सांगते ते एवढंच, की आवडता डाव शोधत बसू नका, लोक तुम्हाला कुठे नेऊन टाकतात ते आधी बघा. उंची, वजन, गुडघे, भित्रेपणा, सगळ्याची बेरीज होऊन प्रत्येकाची अशी एक जागा ठरलेलीच असते. तिथे रोज जाताच आहात, तर तिथलंच शिका.

आणि हाफ गार्ड म्हणजे निम्मी हार, असं मला वाटायचं तेही चूकच होतं. रिओच्या रॉबेर्तो कोरेया ऊर्फ गोर्दोचा गुडघा दुखावलेला असताना त्याला नेहमीसारखा गार्ड खेळता येईना. म्हणून तो हाफ गार्डमध्ये थांबून तिथूनच हल्ले करायला लागला. नुसती तग धरायची म्हणून मानली जाणारी जागा त्याच्यामुळे हल्ल्याची झाली. माझाही डावा गुडघा कुरकुरतो. त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे.

आता माझा गेम सांगते. फार मोठा नाही.

मी उजव्या कुशीवर. सपाट पाठीवर पडले की संपलं, इथे मामाचं म्हणणं शंभर टक्के लागू. वरच्या माणसाचा उजवा पाय माझ्या पायांत. माझा उजवा हात त्याच्या डाव्या दंडावर, तो हात माझ्या मानेखाली जाऊ नये म्हणून. आणि माझा डावा हात त्याच्या उजव्या बगलेतून पाठीकडे. आमच्या भाषेत अंडरहूक. माझं सगळं दुकान या एका हातावर चालतं. हा हात बसला की समोरच्यापुढे तीन रस्ते उरतात. त्याने काहीच केलं नाही तर मी बगलेखालून सरकत त्याच्या पाठीवर जाते. त्याने माझा हात वरून आवळून वजन टाकलं तर मी गुडघ्यांवर येते आणि त्याच जोराच्या दिशेने त्याच्याखाली शिरून त्याला पलीकडे लोळवते. तो घाबरून मागे कलला तर त्याचा लांबचा गुडघा धरून पुढे रेटते. कुठला रस्ता घ्यायचा हे तो ठरवतो, मी फक्त वाट बघते. मला ऐन वेळी पटकन विचार करता येत नाही, म्हणून ही व्यवस्था मला मानवते.

हात बसलाच नाही तर? तर गुडघा मध्ये घालून अंतर करायचं आणि पुन्हा प्रयत्न. यातच निम्मा वेळ जातो, त्याचे व्हिडिओ कुणी बघत नाही.

पुढचं लवकर सांगण्यासारखं आहे. लोळवलं तर 2 गुण, त्याची पाठ मिळून माझे दोन्ही पाय आत अडकले तर 4. पाठीवरून माझ्याकडे एकच चोक (गळा आवळायचा डाव) आहे, बो अँड ॲरो: एका हातात कॉलर, दुसऱ्यात त्याच्या पँटचा गुडघा, आणि धनुष्य ताणल्यासारखं ताणायचं. आणि सुरुवात उभ्याने होते त्याचं काय? मी बाही धरून खाली बसते. समोरच्याने आधीच पाय धरून टेकडाउन सुरू केलेलं नसेल तर अशा बसण्याचे त्याला गुण मिळत नाहीत. मामाला हे अजून सांगितलेलं नाही.

एवढं बसवायला आठ-नऊ महिने गेले. रोलिंगच्या आधी कुणाला तरी पकडायचं आणि म्हणायचं, तीन मिनिटं फक्त हाफ गार्डपासून खेळू, हात बसलेला धरून. मग हात न बसलेला. मग त्याचा हात माझ्या मानेखाली आणि मी सपाट. हा शेवटचा प्रकार सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात नकोसा, नव्वद किलोच्या माणसाखाली श्वास शोधत केलेला. कोच एकदा म्हणाले, "कंटाळा नाही येत?" आला. पण दे ला रीवाच्या आठ पानांचा जास्त आला होता.

यावर हटकून दुसरा प्रश्न येतो: "मग सगळ्यांना कळत नाही का, तुम्ही काय करणार ते?" कळतं की. आमच्या जिममध्ये माझ्याशी रोल करणारा जवळजवळ प्रत्येक जण उजवी बगल घट्ट मिटून येतो. एखादा उजवी मिटायची सोडून डावी मिटून आला तर माझी मजाच. पण बहुतेक जण योग्य तीच मिटतात, आणि तरीही हात घुसतो, तेव्हा तो डाव माझा असं मी समजते. त्याच ग्रेसी कुटुंबातल्या रॉजर ग्रेसीने 2009 च्या जागतिक स्पर्धेत एकामागून एक प्रतिस्पर्धी माउंटवरून क्रॉस कॉलर चोकने टॅप करायला लावले. हा चोक व्हाइट बेल्टला सुरुवातीलाच शिकवतात. तो काय करणार हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आपण रॉजर नाही हे मान्य, पण लपवून ठेवण्यात फारसं काही नसतं एवढं त्यातून दिसतं.

भोकं आहेतच. माझं सगळं एकाच बाजूचं आहे. समोरच्याचा डावा पाय अडकला तर मी पुन्हा पहिल्या महिन्यातली व्हाइट बेल्ट. लोळवून वर आले की वर काय करायचं याचा पत्ता नसतो, कधीकधी चक्क परत खाली जावंसं वाटतं. सध्या वहीत एवढ्या दोनच गोष्टी आहेत. वही नवी आहे, चाळीस पानी.

गेल्या महिन्यात मामाकडे गेले होते. नवा व्हिडिओ दाखवला. या वेळी त्याने चष्मा शोधला. मी बाही धरून खाली बसले तिथे तोंड वाकडं केलं, पण फोन परत दिला नाही. हात बगलेत शिरला तिथे थांबवायला लावलं, मागे घ्यायला लावलं, पुन्हा बघितलं.

"हिनं कोपर का उघडलं पण?"

मी म्हटलं, मी तिची बाही ओढली, ती सोडवायला तिने हात वर घेतला.

"दाव," म्हणाला, आणि सत्तरीचा माणूस सतरंजीवर उतरला. मामी स्वयंपाकघरातून ओरडली की तुझी कंबर मी चोळणार नाही. त्याने उजवी बगल गच्च मिटली आणि बाही माझ्यापुढे केली.