स्लाइडवर न सापडलेल्या पेशी

रक्तचाचणीच्या यंत्राने त्या सकाळी एका नमुन्यातल्या पांढऱ्या पेशी अवघ्या १,१०० दाखवल्या, तेव्हा आकड्यावर विसंबून न राहता मी स्लाइड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तांबड्या पेशी नीट होत्या, प्लेटलेट पुरेशा होत्या, लिम्फोसाइट या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी अधूनमधून दिसत होत्या. पण एरवी हमखास भेटणाऱ्या, तीन-चार खंडांचे केंद्रक असलेल्या न्यूट्रोफिल पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कडेपर्यंत शोधूनही जवळजवळ नव्हत्याच. बाकी सगळे शाबूत असताना एकाच जातीच्या पेशी अशा नाहीशा झाल्या, की मला आधी औषधाचा संशय येतो, म्हणून अहवाल पाठवण्यापूर्वीच मी वॉर्डात फोन करून रुग्ण कोणती औषधे घेते हे विचारले.

ती ग्रेव्हज आजारासाठी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या चुकीमुळे थायरॉइड ग्रंथी अति काम करते त्या आजारासाठी, सहा आठवड्यांपासून कार्बिमाझोल घेत होती. ताप होता आणि घशाखाली पाणीही उतरत नव्हते. मी जाऊन पाहिले, तर टॉन्सिलवर करड्या तळाचे खोल व्रण होते, पण पू मात्र नव्हता. पू मुख्यतः न्यूट्रोफिलांचाच बनतो आणि त्याच उरल्या नव्हत्या. हा ॲग्रॅन्युलोसायटोसिस, म्हणजे न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीशा होण्याचा विकार, होता. हे औषध घेणाऱ्या हजारांत साधारण दोन ते पाच जणांना तो होतो आणि बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांतच.

कार्बिमाझोल शरीरात मेथिमाझोल होऊन थायरॉइडमधल्या, हार्मोन बनवायला लागणाऱ्या पेरॉक्सिडेज एन्झाइमला रोखते. उपचारांच्या काळात ग्रंथीला चेतवणारी प्रतिपिंडेही सहसा उतरतात. औषध ही प्रतिपिंडे बनवण्यामागच्या लिम्फोसाइटना थेट शांत करते, की हार्मोन ताळ्यावर आल्याने प्रतिकारयंत्रणा सावरते, यावर मतभेद आहेत. शस्त्रक्रियेनंतरही ती प्रतिपिंडे उतरत असल्यामुळे मला दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. न्यूट्रोफिलमध्ये मात्र थायरॉइडमधल्या त्या एन्झाइमच्याच कुळातले मायलोपेरॉक्सिडेज असते, ते औषधाचे क्रियाशील रेणूंत रूपांतर करू शकते, आणि अशा रेणूंमुळे पेशी प्रतिकारयंत्रणेला परकी वाटू लागत असावी. एचएलए-बी या प्रतिकारयंत्रणेला आपले-परके ओळखायला मदत करणाऱ्या जनुकाचे काही प्रकार असलेल्यांना हा धोका जास्त असतो, यावरूनही प्रतिकारयंत्रणेचा त्यात हात असल्याचे दिसते.

कार्बिमाझोल तत्काळ थांबवले, शिरेतून प्रतिजैविके आणि जी-सीएसएफ हे अस्थिमज्जेला न्यूट्रोफिल बनवायला चालना देणारे औषध सुरू झाले. मी रोज स्लाइड पाहत होते. आधी मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढल्या, मग अपक्व पेशी दिसू लागल्या आणि त्यांच्यामागोमाग न्यूट्रोफिल परतल्या. प्रोपिलथायोयुरासिल या थायरॉइडच्या दुसऱ्या औषधानेही हेच घडू शकत असल्याने तो पर्याय बाद करून डॉक्टरांनी थायरॉइडच्या शस्त्रक्रियेचा मार्ग धरला.

बरी झाल्यावर ती मला म्हणाली, “मॅडम, ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.” त्यानंतर आम्ही चाचणीच्या अर्जावर थायरॉइडच्या गोळ्यांसाठी स्वतंत्र रकाना ठेवला, त्यात खूण आणि सोबत तापाची नोंद असली, की तो नमुना रांगेत थांबत नाही आणि त्याची स्लाइड लगेच पाहिली जाते.